हवेत विरणारी गोळी

ओर्लिन ब्रेकेकडे गोळ्या मागायला गेलेला माणूस पाच मिनिटांत गोळ्या घेऊन बाहेर पडला, असं मी एकतीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

व्हीलॉक गावातलं आमचं दुकान शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आहे. पुढच्या भागात जनावरांचा खुराक, काटेरी तार, गमबूट. मागच्या भिंतीला काडतुसांचा काउंटर. त्या काउंटरमागे ओर्लिन सेहेचाळीस वर्षं उभा आहे. दुकानाच्या किल्ल्या, मालाच्या याद्या आणि संचालकांच्या सभा माझ्याकडे असतात. पण गावात कुणालाही विचारा, दुकान ओर्लिनचं.

ओर्लिन आता एकाहत्तर वर्षांचा आहे. उंच, किंचित वाकलेला, उजव्या कानाने कमी ऐकणारा. तोंडात दातकोरणं. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते, आणि सहा भावंडांत बंदूक एकच होती. त्यामुळे गोळी वाया घालवणं हे त्याच्या लेखी पापच. आमच्याकडे कायोट नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी कोंबड्या-कोकरं पळवतो. कुणी येऊन म्हणालं, "कायोटसाठी एक डबा द्या," की तो डबा काढत नाही. दोन्ही हात काउंटरवर टेकतो आणि तीन प्रश्न विचारतो.

"किती लांबून मारणार? कातडं विकायचंय का? आणि नेम चुकला तर मागे काय आहे?"

त्याची बायको लाव्हर्न म्हणते की लग्नाची मागणी घालण्याआधीही त्याने तिला तीन प्रश्न विचारले होते, आणि तिसरा जवळजवळ हाच होता.

एकदा शाळेत नवे आलेले मास्तर दुकानात आले. "सगळ्यात जोरदार गोळी कोणती?" त्यांनी विचारलं.

"का? हत्ती दिसला कुठे?"

"नाही, कायोट. कोंबड्या नेतो आमच्या."

"मास्तर, कायोट म्हणजे पंधरा किलोचा प्राणी. त्यातलं निम्मं शेपूट आणि उरलेला लबाडपणा. हरणाला मारताना गोळी आरपार जायला हवी. कायोटचं उलट. गोळी म्हणजे पाहुणा. समोरच्या दाराने आत यावं आणि मुक्कामालाच राहावं. मागचं दार फोडून निघून गेला, तर हिवाळ्यात कातड्याला ठिगळं लावत बसाल."

"मग पूर्ण तांब्याने मढवलेली घेऊ? ती लहानसंच भोक पाडते म्हणे."

"पाडते ना. टाचणीएवढं. कायोट तीन टेकड्या ओलांडून तिकडे तळमळत मरतो, आणि गोळी पुढे दगडावर आपटून कुणाच्या तरी ट्रॅक्टरला भेटायला जाते."

मास्तर अर्ध्या तासाने बाहेर पडले, हलक्या आणि पोकळ टोकाच्या गोळ्यांचा डबा घेऊन. कोंबड्यांचं खुराडं कसं बांधावं याचा सल्ला वर फुकट.

ओर्लिनची खरी दौलत म्हणजे काउंटरखालची लाकडी पेटी. तिच्यात चारशे बारा कार्डं आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक रायफलचं एक. मालक कोण, बनावट कोणती, तिला कोणती गोळी मानवते, आणि नळीचा पीळ किती. रायफलच्या नळीत आतून स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असतात. त्यांतून गोळी गरगरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. काही नळ्यांत गोळीचा एक फेरा चौदा इंचांत पुरा होतो, काहींत आठ इंचांत. लांब, जड गोळीला घट्ट पीळ लागतो. आखूड, हलक्या गोळीला सैल पुरतो. हे जुळलं नाही तर चांगल्यातला चांगला नेमबाजही आंधळा. दुकानाचा नियमच होता, गोळ्या घ्यायला येताना दर वेळी रायफल बरोबर आणायची. ओर्लिन ती स्वतः पाहणार, मग कार्ड लिहिणार किंवा ताडून पाहणार, मग डबा देणार.

आता मे महिन्यातल्या त्या आठवड्याबद्दल.

सोमवारी सकाळी सिग्ने टॉरगर्सन दुकानात आली. तिचा नवरा आयनार दीड वर्षापूर्वी गेला. तेव्हापासून चौऱ्याऐंशी मेंढ्या ती एकटीच सांभाळते. वय अडुसष्ट. गमबुटांना चिखल, स्वेटरच्या बाहीवर दुधाचे डाग.

"ओर्लिन, आयनारच्या रायफलसाठी डबा दे. होता तो संपला."

"रायफल कुठाय?"

"घरी. कोकराला बाटली पाजत होते, तशीच उठून आले. काल रात्रीत आणखी दोन नेली. अकरा झाली."

"अकरा!"

"एकच आहे. मोठा नर. डावा कान फाटलेला. कुत्र्याला पलीकडच्या कुंपणाकडे पळवतो आणि स्वतः इकडून शिरतो. मी कॉर्विनला फोन केलाय. शनिवारी ट्रक घेऊन येतोय."

कॉर्विन हा मेंढ्यांचा व्यापारी. त्याचा ट्रक म्हणजे काय ते आम्ही दोघंही समजलो.

"सगळ्या देणार?" मी विचारलं.

"अर्ध्या ठेवून काय करू? शुक्रवारपर्यंत हा सापडला तर ठीक. नाही तर मी शहरात, बिलिंग्सला, बहिणीच्या फ्लॅटवर. तिने माझ्यासाठी पलंगसुद्धा बघून ठेवलाय. बाल्कनीत दोन कुंड्या आहेत, त्यांची राखण करीन."

ओर्लिनने दातकोरणं या गालातून त्या गालात नेलं. "किती लांबून?"

"दीडशे वार. फार तर दोनशे."

"कातडं?"

"मे महिन्यात? झडलेलं पायपुसणं असतं ते."

"मागे काय आहे?"

"शेजाऱ्यांची वासरं आणि त्यांच्या पलीकडे मोठा रस्ता."

"मग ठरलं." त्याने पेटीतलं कार्ड काढलं, पण पाहिलं नाही, नुसतंच माझ्यापुढे धरलं. "माप बावीस-अडीचशे, पीळ चौदा इंच. सत्याऐंशी साली मीच विकली आयनारला. आयनारची रायफल मला लाव्हर्नच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे." मागच्या फळीवरून त्याने पन्नास ग्रेन वजनाच्या हलक्या गोळ्यांचा डबा काढला. "ही घे. कवच एवढं पातळ की गवताच्या काडीला लागली तरी फुटेल. कायोटच्या आत भुगा, आणि चुकलीच तर वासरांपर्यंत काही पोचायचं नाही."

"नेम बघून घेऊ का आधी कागदावर?"

"बघ. पण तुझी रायफल आहे तिथेच मारते, मला माहीत आहे."

रायफल न पाहता ओर्लिनने डबा दिलेला मी तो पहिल्यांदाच पाहिला. पण तोवर सिग्ने ट्रकपर्यंत पोचलीसुद्धा होती.

मंगळवारी सिग्नेचा फोन आला. दोन गोळ्या झाडल्या. कायोट बसला होता, तो उठून, अंग झटकून चालत गेला.

"चालत?" ओर्लिन म्हणाला.

"चालत! पळालासुद्धा नाही, मेला!"

"दुर्बीण हलली असेल रायफलवरची."

"नाही हलली."

"मग सिग्ने, ट्रिगर ओढताना डोळे मिटत असशील. वय झालं की होतं असं."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मला माझ्या टेबलापाशी ऐकू आला. हे बोलायला नको होतं. सिग्नेने जत्रेतल्या नेमबाजीत सलग सात वर्षं पहिलं बक्षीस घेतलेलं आहे, आणि त्यांतली चार वर्षं दुसरा आलेला माणूस ओर्लिन होता.

बुधवारी तीन गोळ्या. त्याही फुकट. आणि पहाटे आणखी एक कोकरू गेलं. दुपारी ती खुराक घ्यायला गावात आली, तेव्हा आम्ही कॅफेत बसलो होतो. तिने दारातून सरळ येऊन डबा ओर्लिनच्या टेबलावर ठेवला.

"तुझा माल तुला परत. पाच गोळ्या झाडल्या. एकही कुठे गेली दिसत नाही. मागच्या टेकडीवर धूळसुद्धा उडत नाही!"

शेजारच्या टेबलावर वेंडेल बसलेला होता. वेंडेल ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि दुसऱ्यांची टिंगल हा त्याचा जोडधंदा.

"ओर्लिन, तुझ्या गोळ्या शाकाहारी झाल्या का रे?"

"गप्प बस."

"नाही, विचारतो आपलं. कायोटजवळ जातात, नमस्कार करतात, आणि गवतात उतरतात. चांगल्या घरच्या आहेत."

कॅफे हसला. ओर्लिन हसला नाही. सिग्नेसुद्धा नाही. ती म्हणाली, "परवापर्यंत वेळ आहे माझ्याकडे. तुझ्याकडे दुसरं काही सांगण्यासारखं असेल तर सांग, नाही तर जाऊ दे," आणि निघून गेली. ओर्लिनने समोरच्या चेरीच्या केकला हात लावला नाही. परत येताना वाटेत एकदाच बोलला, "धूळ का उडत नाही?"

गुरुवारी आम्ही दोघं सिग्नेकडे गेलो. बत्तीस मैल, शेवटचे नऊ मातीचे. ओर्लिनला स्वतः रायफल झाडून दाखवायची होती, आणि निशाणाकडे बघायला दुर्बीण घेऊन मी. शंभर वारांवर गवताच्या गठ्ठ्याला त्याने पांढरा कागद लावला. ट्रकच्या बॉनेटवर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल. सिग्ने हाताची घडी घालून बाजूला उभी.

"तू मारतेस का?" ओर्लिनने विचारलं.

"छे! तूच मार. माझे डोळे मिटतात ना."

पहिली गोळी. मी पाहिलं. कागद धुतलेल्या चादरीसारखा स्वच्छ.

"लागली?"

"नाही."

दुसरी. कागद स्वच्छ.

"नीट बघ."

"नीटच बघतोय."

"ओर्लिन," सिग्ने म्हणाली, "वय झालं की होतं असं."

त्याचे कान लाल झाले. तिसरी गोळी झाडली तेव्हा मी कागदाकडे न बघता मधल्या हवेकडे बघत होतो. चाळीस-पन्नास वारांवर हवेत एक राखाडी रेघ उमटली, सिगारेटच्या धुराएवढी, आणि विरून गेली. मी ते सांगितलं.

ओर्लिनने रायफल खाली ठेवली. "पुन्हा सांग."

"धूर. राखाडी. हवेतच. मग काही नाही."

त्याने रायफल रिकामी केली. मग म्हणाला, "सिग्ने, साफ करायची कांडी आण. आणि शिवणाची टेप."

कांडीच्या टोकाला त्याने घट्ट चिंधी बांधली, ती नळीत सरकवली आणि कांडीवर पेनने वरच्या बाजूला खूण केली. कांडी ढकलताना चिंधी नळीतल्या खाचांबरोबर फिरते, कांडीही फिरते. खूण पूर्ण फेरा घेऊन पुन्हा वर आली, की किती अंतर आत गेलं ते मोजायचं. एवढंच.

त्याने मोजलं. पुन्हा मोजलं. मग टेप सिग्नेच्या हातात दिली. "तू वाच."

"आठ."

"नीट वाच."

"ओर्लिन, मी चाळीस वर्षं स्वेटर विणतेय. आठ इंच."

"ही नळी माझी नाही," ओर्लिन म्हणाला. रायफल मीच विकली, पण नळी दुसऱ्या कुणीतरी बसवली, असं त्याला म्हणायचं होतं. पातळ कवचाची हलकी गोळी चौदा इंचांच्या पिळात मजेत जाते. तीच आठ इंचांच्या पिळातून त्या वेगाने निघाली, की एवढी गरगरते की अंगावरचं तांबंच फाटतं. कायोटपर्यंत जायला गोळी उरतच नव्हती.

सिग्ने आत गेली आणि आयनारच्या कपाटातून एक रिकामा पिवळा डबा घेऊन आली. "संपला तो हा."

ओर्लिनने डब्यावरचं वाचलं. पंचाहत्तर ग्रेन. लांब, जड, कागदावरच्या स्पर्धेची गोळी. आणि कोपऱ्यात माइल्स सिटीच्या एका दुकानाची चिठ्ठी.

"माइल्स सिटी," तो हळूच म्हणाला. आयनारच्या अंत्यविधीलाही त्याचा चेहरा एवढा उतरलेला मी पाहिला नव्हता. "किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं! आणि मी समजत होतो, जुन्याच गोळ्या पुरवून वापरतोय! मला बोलला नाही?"

"कसा बोलणार? कॅफेत टेबलावर हात आपटून कोण म्हणालं होतं, 'आठ इंचांची नळी म्हणजे कायोटसाठी रणगाडा, असली नळी घेऊन कुणी माझ्या काउंटरवर आला तर मी त्याला कोंबडीचं खाद्य विकीन'? आयनार शेजारच्याच टेबलावर होता. त्याची नवी नळी आदल्या दिवशी तयार होऊन आली होती; तिचा पीळ वेगळा, हे मलाही आज कळतंय. केक अर्धा टाकून घरी आला तो."

"मी ते गंमतीत म्हणालो असेन."

"वीस मिनिटं म्हणत होतास."

ओर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी होकार दिला. तेव्हा मी तिथे होतो.

"आणि माइल्स सिटीला जायचा तो काय सांगून?"

"दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणून."

"पण त्याला तर कवळी होती!"

"मलाही तेच वाटायचं," सिग्ने म्हणाली, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. ओर्लिनही हसला, मग टोपी काढून डोकं खाजवत ट्रकच्या पायरीवर बसला.

"सिग्ने, मी रायफल पाहायला हवी होती. सगळ्यांची पाहतो."

"हो, हवी होतीस."

"डोळे मिटण्याबद्दलही..."

"ते राहू दे. गोळी कोणती, ते सांग. उद्या शुक्रवार आहे."

मग त्याने सगळं पहिल्यापासून विचारलं, पायरीवर बसून, एकेक करून. कायोट उभा असतो की चालत? वारा कुठून? ऊन कुणाच्या डोळ्यांवर? आयनारच्या जड गोळ्या मागवायच्या का, असं मी मध्ये विचारलं.

"नकोत. त्या कागदाला भोकं पाडायला चांगल्या. कायोटमध्ये उघडतील याचा नेम नाही, आरपार गेल्या तर वासरं. पातळही नको, जडही नको. साठ ग्रेन, कवच जरा जाड, टोकाला प्लॅस्टिक. या पिळात टिकेल आणि आत गेल्यावर उघडेल. दुकानात एक डबा आहे. गेली तीन वर्षं कुणी विचारला नाही, कारण मी कुणाला विचारू दिलं नाही."

डबा आणायला चौसष्ट मैल मी गाडी चालवली. चार वाजता परतलो. या खेपेला सिग्नेनेच झाडली. पहिली गोळी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, चार इंच डावीकडे. ओर्लिनने रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवले. सातव्या गोळीपर्यंत तीन भोकं अशी पडली, की त्यांच्यावर एक बटण ठेवलं असतं तर झाकली गेली असती.

"डोळे उघडे होते," ती म्हणाली.

शुक्रवारी सूर्य उगवायच्या बेतात असताना आम्ही तिघं तिच्या कुरणाच्या वरच्या अंगाला, सेजच्या झुडपांमागे पोटावर पडलो होतो. सिग्नेने अट घातली होती, ओर्लिनने फक्त शिटी वाजवायची, बोलायचं नाही. जखमी सशासारखी ओरडणारी लाकडी शिटी त्याने ओठांना लावली.

"हा ससा मरतोय की अकॉर्डियन?" सिग्ने कुजबुजली.

ओर्लिनने पुन्हा वाजवली. दहा मिनिटं काही नाही. खाली मेंढ्या चरत होत्या, कोकरं आयांच्या पोटाखाली ढुशा देत होती. मग डावीकडच्या ओघळीतून तो आला. फाटका कान मला दुर्बिणीशिवायही दिसला. दोनशे वार, मग एकशे ऐंशी. थांबला, नाक वर केलं. अंग पूर्ण आडवं. यापेक्षा चांगला नेम कुणाला मिळत नाही.

"मार," ओर्लिन म्हणाला.

सिग्नेने मारली नाही.

"अगं, मार!"

"गप्प."

मीही दुर्बिणीतून पाहिलं. कायोटच्या मागे, कुंपणापलीकडे, दोन तांबडी वासरं उभी होती. कायोटने आमच्या दिशेला तोंड वळवलं. काही संशय आला असावा. ओघळीकडे परत जायला निघाला. चार पावलं, सहा पावलं. ओर्लिनने मूठ तोंडात धरली होती. गेला तर गेला, दुसऱ्या दिवशी ट्रक येणार होता.

ओघळीच्या काठावर तो एकदा थांबला. आता त्याच्या मागे टेकडीची माती होती, नुसती माती. सिग्नेने अर्धा श्वास सोडला आणि ट्रिगर ओढला.

कायोट होता त्या जागी बसला आणि आडवा झाला. धूळ उडाली नाही. पण ती का नाही, ते या खेपेला मला ठाऊक होतं. गोळी आतच राहिली होती.

ओर्लिन उठून बसला आणि लागलीच सुरू झाला, "बघितलंस? साठ ग्रेनची गंमत अशी असते की कवच आधी..."

"ओर्लिन."

"काय?"

"त्याचे पाय धर."

आम्ही दोघांनी कायोट ट्रकमागे टाकला. सिग्ने कुंपणाशी उभी राहून मेंढ्या पाहत होती. मोजत होती असं म्हणणार होतो, पण मोजत नव्हती. नुसती बघत होती. ओर्लिन तिच्याजवळ गेला.

"एवढ्याने संपेल असं नाही, सिग्ने. जूनमध्ये दुसरा येईल."

"येऊ दे. डब्यात बारा गोळ्या आहेत."

घरात जाऊन तिने कॉफी चुलीवर चढवली आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून कॉर्विनला फोन लावला. आम्ही टेबलाशी बसलो होतो.

"कॉर्विन, मी सिग्ने. उद्या नको येऊस... नाही, पुढच्या आठवड्यातही नको. मेंढ्या द्यायच्या नाहीत आता... अरे, तू ड्रायव्हर सांगून ठेवलास ते माझ्यामुळे, कबूल आहे. असं कर, ट्रक राहू दे, ड्रायव्हरला तेवढा पाठव. उद्या कोकरांच्या शेपट्या छाटायच्या आहेत, दोन हात कमी पडतायत."

पलीकडे कॉर्विन काहीतरी बोलला. सिग्नेने फोनवर हात ठेवून आमच्याकडे वळून पाहिलं.

"विचारतोय, दोन हात कमी म्हणजे बाकीचे कोण आहेत?"

ओर्लिनने कप खाली ठेवला. मी माझी शनिवारची दुकानाची कामं आठवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"दोघं आहेत म्हणून सांगते," सिग्ने म्हणाली, आणि तिने सांगितलंसुद्धा.